रोहिणखेडचा एक दिवस : १३ रजब ९९९



मोबाइलवर गावाचं नाव आणि तारीख टाकली की त्या दिवसाचं तापमान, पाऊस, वारा, सूर्योदय, चंद्र असं सगळं दाखवणारी ॲपं आता पुष्कळ झाली. पन्नास-साठ वर्षांमागचा दिवसही दाखवतात. म्हणून आज आपल्या मोताळा तालुक्यातलाच एक जुना दिवस घेऊ आणि पाहू, त्याचं खरंच काय काय सांगता येतं.

दिवस आहे हिजरी सन ९९९, रजब महिन्याची १३ तारीख. या दिवशी रोहिणखेडला मोठी लढाई झाली. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशहा हा पोरसवदा सुलतान होता, पण कारभार सगळा जमालखान महदवीच्या हातात. इस्माईलचा बाप बुऱ्हाण आधी अकबराच्या आश्रयाला गेलेला. तो खानदेशचा राजा अलीखान फारुकी याची मदत घेऊन गादीसाठी उतरला. म्हणजे बाप एकीकडे, लेक दुसरीकडे. जमालखान नुकताच विजापूरच्या फौजेला हरवून तसाच घाईघाईने वऱ्हाडात आला होता.

लढाई इथंच का? गाव घाटाच्या पायथ्याशी. बुऱ्हाणपूरकडून दक्षिणेत जायचं तर घाट चढावा लागतो, आणि रोहिणखेड त्या वाटेवर. १४३७ मध्येही खानदेशचा नासीरखान फारुकी इथंच बहमनी सरदार खलफ हसन बसरीकडून हरला होता.

आता तारीख. काही पुस्तकांत या लढाईचं साल १५९० छापलेलं आहे, काहींत १५९१. घोळ हिजरी सनामुळे होतो. ९९९ हे वर्ष ऑक्टोबर १५९० ला सुरू झालं, आणि रजब हा त्यातला सातवा महिना. म्हणजे तो १५९१ च्या उन्हाळ्यातच येतो. हिशोब केला तर आजच्या कॅलेंडरने ७ मे १५९१ निघते. जुन्या युरोपी कॅलेंडरने तीच २७ एप्रिल, कारण तेव्हा दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता.

तारीख हातात आली की आकाश उघडतं. चांद्र महिन्याची तेरावी, म्हणजे चंद्र जवळजवळ पूर्ण. आपल्या पंचांगाने वैशाखी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर. दिवस सुमारे तेरा तासांचा. भर दुपारी सूर्य डोक्यावरून जेमतेम चार अंश दक्षिणेला. एक मीटर काठी उभी केली असती तर सावली सहा-सात सेंटीमीटर पडली असती, बस. सूर्य नुकताच कृत्तिकेत आलेला, रोहिणी निघायला अजून बाराएक दिवस. आज आपल्याकडे रोहिणी २५ मेच्या आसपास निघतात, तेव्हा त्या सहा दिवस आधी निघायच्या. नक्षत्राची तारीख साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं सरकते. नक्षत्रावर पेरणीचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

हे सगळं कुणी त्या दिवशी लिहून ठेवायची गरज नव्हती. सूर्य-चंद्राची चाल ठरलेली आहे, मागं मोजत जाता येतं.

हवामानाचं तसं नाही. त्या दिवशी किती अंश तापमान होतं? कुणीच सांगू शकत नाही. पाऱ्याचा तापमापक फॅरनहाइटने बनवला १७१४ साली. आपलं हवामान खातं १८७५ चं. पण एक नोंद आहे. इतिहासकार फिरिश्ता त्याच काळातला माणूस, आधी अहमदनगरला आणि १५८९ पासून विजापूर दरबारात. त्याने लिहून ठेवलं, की जमालखानाची फौज आडवाटेने आली, ऊन भयंकर होतं, पाणी नव्हतं आणि माणसं तहानेने हैराण झाली होती. पाण्याची जागा विरुद्ध बाजूने आधीच धरलेली. तशातच लढाई झाली. जमालखान गोळी लागून पडला, इस्माईल पकडला गेला आणि बाप गादीवर बसला. घाटाखालचा मे महिना ज्याने रानात काढलाय, त्याला या चार ओळींत सगळं समजतं.

आता त्या ॲपांकडे येऊ. जुन्या दिवसाचा जो आकडा ती दाखवतात, तो बहुतेक वेळा गावात मोजलेला नसतो. युरोपच्या हवामान केंद्राने १९४० पासूनच्या उपलब्ध नोंदी संगणकात घालून साऱ्या जगाचं हवामान तासातासाने पुन्हा मांडलंय. बरीच ॲपं तेच वापरतात. काम मोलाचं आहे, पण त्याचा एक चौकोन साधारण ३० किलोमीटरचा. तेवढ्यात आपल्याकडे घाटावर आणि घाटाखाली दोन्ही येऊ शकतं. बुलढाणा सहाशे मीटरच्या वर, मलकापूर अडीचशेच्या आसपास. उंचीच्या एवढ्या फरकाने तापमान दोन-तीन अंशांनी सहज बदलतं. पावसाचं तर विचारूच नका, नाल्याच्या अल्याड ढगफुटी आणि पल्याड धुरळा.

आणि इथंच आपला पैसा अडतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे १० तारखेच्या रात्री पडलेला पाऊस ११ च्या खात्यात जातो. मंडळाचा पर्जन्यमापक एका ठिकाणी उभा, तुमचं वावर दुसरीकडे. पंचनाम्याच्या वेळी "आमच्याकडे लई पडला" एवढंच तोंडी सांगून भागत नाही. तारीख चुकली तर तेही बाजूला राहतं.

म्हणून सांगणं एवढंच. साधा प्लास्टिकचा पर्जन्यमापक घ्या. झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर बसवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, वहीत तारीख, मिलिमीटर, वारा आणि पिकाची अवस्था लिहा. पाऊस नसला तर शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका. सरकारी आकड्याची जागा तुमची वही घेणार नाही, पण तो तपासायला तुमच्याजवळ काहीतरी असेल.

७ मे १५९१ चा चंद्र आजही काढता येतो. त्या दिवशीची तहान मात्र कुणीतरी लिहिली म्हणूनच आपल्याला माहीत आहे.

तुमच्याकडे जुन्या पावसाच्या वह्या असतील, आजोबांच्या असतील, तर फोटो टाका.