अपारदर्शक बाटली आणि शेजारधर्म

घरी पाहुणे यावेत, पेल्यात बर्फ घालावा, लिंबू पिळावे आणि वरून फेसाळती जिंजर बिअर ओतावी; यजमानाला याहून सोपे पेय ते कोणते? परंतु आले, साखर व खमीर यांपासून सिद्ध होणाऱ्या या पेयाने कायद्यात केवढी क्रांती घडविली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

२६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील उपाहारगृहात मे डोनोह्यू या बाईसाठी तिच्या सोबतीने आइस्क्रीम व जिंजर बिअर मागविली. बाटली अपारदर्शक काचेची. उरलेले पेय ओतताना तीतून कुजलेली गोगलगाय पडली व आपण आजारी पडलो, असे बाईचे म्हणणे. पैसे सोबतीने दिलेले. तेव्हा तिचा करार ना दुकानदाराशी, ना कारखानदाराशी. मग दाद कोणाकडे मागावी? तिने कारखानदारावरच ५०० पौंडांचा दावा लावला.

२६ मे १९३२ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी तो ग्राह्य ठरविला. शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या धर्माज्ञेला लॉर्ड ॲटकिन यांनी कायद्याचे रूप दिले. आपल्या हयगयीने ज्याला इजा पोहोचेल हे आपणांस आधीच उमगावयास हवे, तो आपला शेजारी. गोगलगाय खरोखर होती काय, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. प्रकरण तडजोडीने मिटले. तत्त्व मात्र उरले, आणि भारतीय न्यायालयांनीही ते स्वीकारले.

अतिथी पेला पारखून घेत नाही. विश्वासाने ओठांस लावतो. तो विश्वास यजमानाला तर बांधतोच, परंतु दूर कोठे बाटली भरणाऱ्या अनोळखी हातांनाही बांधतो.