पत्ता बदलला, नाव राहिले

शाळेत मुलाचा हजेरीपटावरचा क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरमधला क्रमांक मात्र तो दाखला घेऊन गेल्यावरही त्याचाच राहतो, दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. वेबवरील माहितीलाही असा क्रमांक हवा, हे जरा उशिराच लक्षात आले.

वेबपत्ता म्हणजे मुळात जागेची खूण: कोणत्या संगणकावर, कोणत्या फाइलमध्ये. फाइल हलली की पत्ता निकामी. ही अडचण ग्रंथपालांनी लवकर हेरली यात नवल नाही. कपाटे बदलण्याचा त्यांना जुना अनुभव! अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था आहे. तिने १९९५ मध्ये ‘पर्ल’, म्हणजे परसिस्टंट यूआरएल, ही सोय सुरू केली. युक्ती साधी आहे. आपण पर्लचा पत्ता विचारायचा. पर्लचा संगणक आपल्या तक्त्यात पाहून ‘ती वस्तू सध्या अमुक ठिकाणी आहे’ असे सांगतो, आणि आपला संगणक आपोआप तिकडे वळतो. वस्तू हलली तर तक्त्यातील एक ओळ बदलायची. जगभर लिहून ठेवलेला पत्ता तोच.

त्याच वर्षी तेथेच भरलेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ जन्मले. शीर्षक, कर्ता, दिनांक अशा ठराविक रकान्यांत (पुढे ते १५ झाले) दस्तऐवजाची नोंद करण्याची ही पद्धत. प्रत्येक रकान्याला पर्लचा पत्ता मिळाला. येथे पत्त्याचे कामच बदलले, असे आम्हाला वाटते: तो आता नाव झाला. २००६ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी ‘लिंक्ड डेटा’चे नियम मांडले, त्यांतला पहिला हाच, की वस्तूंना नावे म्हणून वेबपत्ते वापरावेत. दोन ग्रंथालयांच्या नोंदींत ‘कर्ता’ या रकान्याचा पत्ता एकच असेल, तर दोघांचा अर्थ एकच आहे हे संगणकाला कळते. असा पत्ता बंद पडला तर नुसते एक पान हरवत नाही; असंख्य नोंदींतील शब्दाचा अर्थ कोठे पाहायचा, हेच कळेनासे होते.

म्हणून तक्ता सांभाळणारे कोणीतरी लागतेच. २०१६ मध्ये ओसीएलसीने हे काम सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्हकडे सोपवले. पत्ते तेच राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्काइव्हवर सायबरहल्ला होऊन त्याच्या सेवा काही दिवस खंडित झाल्या. तक्ता असा बंद असला, तर पत्ता विचारून उत्तर मिळत नाही. पण दोन नोंदींतील पत्ते अक्षर न् अक्षर जुळतात का, हे पाहायला तक्ता लागत नाही. मात्र तोच पत्ता मध्यंतरी दुसऱ्या कशाला दिलेला नसावा.