आंबोलीची गोगलगाय : शेतातील शत्रूची दूरची नातलग

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण वरून गरीब, आतून लबाड अशा माणसाबद्दल वापरतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती शब्दशः खरी आहे. गोगलगाय पोटाखालच्या स्नायुमय पायावर सरकते, म्हणून तिच्या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात.

शेतकऱ्यांच्या लेखी मात्र गोगलगाय म्हणजे कीड. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. त्यांत प्रमुख होती ती आफ्रिकेतून आलेली शंखी गोगलगाय. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली आणि पुढे ती देशभर पसरली.

सह्याद्रीच्या ओलसर जंगलातील गोगलगायी याहून अगदी वेगळ्या आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या नावाने ओळखली जाणारी 'वरदिया आंबोलीएन्सिस' हे त्याचे उत्तम उदाहरण होय. अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि वेल्समधील राष्ट्रीय संग्रहालयाचे बेन रोसन यांनी २०२१ मध्ये ती नवी प्रजाती म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यासाठी 'वरदिया' ही नवी प्रजातीच्या वरची पातळी, म्हणजे नवे कूळनाम, निर्माण करावे लागले. सरीसृपतज्ज्ञ डॉ. वरद गिरी यांच्या सन्मानार्थ ते देण्यात आले.

या गोगलगायीला शंख आहे, पण तो इतका लहान की तिला संपूर्ण शरीर आत ओढून घेता येत नाही. इंग्रजीत अशा प्राण्यांना 'सेमी-स्लग' म्हणतात. शंखी गोगलगाय कोरड्या दिवसांत शंखात शिरून तोंड बंद करते आणि पावसाची वाट पाहते. हिला तशी सोय नसल्याने ओलाव्यावाचून तिचा निभाव लागणे कठीण. नागपुरात वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत सुमारे सात हजार. झाडांचे छत्र तुटले की जमीन वाळते आणि संथ गतीच्या या जिवाला दुसरीकडे जाता येत नाही.

सर्व गोगलगायींना एकाच मापाने मोजले की काय होते, हे हवाई बेटांनी अनुभवले आहे. आफ्रिकन गोगलगायीच्या नियंत्रणासाठी तेथे १९५५ मध्ये फ्लोरिडातील शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने स्थानिक वृक्षगोगलगायींचाच फडशा पाडला. त्यांपैकी एका प्रजातीची 'जॉर्ज' नावाची शेवटची ज्ञात गोगलगाय १ जानेवारी २०१९ रोजी मरण पावली.

शेतातील शंखी गोगलगायी संध्याकाळी वा पहाटे हाताने वेचून मिठाच्या वा साबणाच्या पाण्यात टाकणे हा सोपा उपाय आहे. मेटाल्डिहाइडचे विषारी आमिष मात्र देशी-परदेशी असा भेद करीत नाही. म्हणून जंगलालगतच्या बांधावर ते टाकू नये आणि पावसाळी सहलीत घाटवाटांवर दिसणाऱ्या गोगलगायी चिरडू नयेत.