गाडीची चकाकी : व्हार्निश, ड्युको आणि बफर



उन्हाळा लागला की इथे अमेरिकेत शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर बादल्या निघतात आणि आपल्यातला कोणीतरी विचारतोच, "पॉलिश हाताने करू की मशीनने?" एका ओळीत उत्तर देता येईल, पण त्यामागचा इतिहास जास्त मजेदार आहे. शिवाय तो माहीत असला की डीलर फायनान्सच्या खोलीत बसवून 'पेंट प्रोटेक्शन' म्हणून जे गळ्यात मारतो, त्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

सुरुवात घोडागाडीपासून. १९०० च्या आसपास मोटारी रंगवायचे ते बग्ग्या रंगवणारे कारागीरच. अळशीच्या तेलातला रंग, त्यावर व्हार्निश, सगळं ब्रशने. एक थर द्यायचा, तो वाळायची वाट बघायची, प्युमिस दगडाची भुकटी आणि पाणी घेऊन घासून सपाट करायचा, मग पुढचा थर. एका गाडीला तीन-चार आठवडे सहज जायचे. चकाकी झकास यायची, पण टिकायची नाही. उन्हात व्हार्निश पिवळं पडायचं, तडकायचं, की परत गाडी रंगाऱ्याकडे.

१९१३ मध्ये फोर्डने हलती असेंब्ली लाइन आणली आणि हे गणित कोसळलं. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पाइपलाइनमधली एकच पायरी बाकीच्यांपेक्षा शंभरपट हळू. दिवसाला हजार गाड्या बनवायच्या आणि रंगाला तीन आठवडे लागणार, म्हणजे कधीही बघा, एकवीस हजार गाड्या छपराखाली वाळत पडलेल्या! फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. काळं ॲस्फाल्टचं एनॅमल स्वस्त होतं, टिकाऊ होतं आणि त्यातले बरेच भाग भट्टीत भाजून काढता यायचे. पण गिऱ्हाइकाला रंग हवा असेल तर काय?

उत्तर आलं ते बारूदवाल्यांकडून. ड्युपाँ ही मूळची दारूगोळ्याची कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोजचं, म्हणजे स्फोटक कापसाच्या धाकट्या भावाचं, करायचं काय हा तिच्यापुढे प्रश्न होता. त्याचं लॅकर झटपट वाळतं हे ठाऊक होतं, पण ते इतकं घट्ट असायचं की फवारण्याइतकं पातळ केलं तर रंगाचा थरच उरायचा नाही. १९२० मध्ये न्यू जर्सीतल्या पार्लिनच्या प्रयोगशाळेत, फिल्मच्या कामासाठी केलेलं असं एक द्रावण पडून राहिलं आणि आपोआप पातळ झालं. कोणीतरी ते फेकून न देता 'असं का झालं?' म्हणून बघितलं. (असे बग सगळ्यांच्याच नशिबी येवोत.) पुढे जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंगच्या लोकांनी त्यावर काम केलं आणि १९२४ च्या मॉडेलची ओकलंड गाडी 'ट्रू ब्लू' रंगात, ड्युको लॅकर लावून बाजारात आली. ड्युपाँचा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा होता हेही इथे लक्षात ठेवायला हवं. केटरिंगने म्हणे एका शंकेखोर रंगवाल्याला जेवायला नेलं आणि ते परत येईपर्यंत त्याची गाडी दुसऱ्याच रंगात उभी होती. दंतकथा असेल, पण आठवड्यांचे तास झाले हे मात्र खरं.

'लॅकर' हा शब्द आपल्या 'लाख'वरूनच गेलेला, संस्कृत लाक्षा. सावंतवाडीच्या लाखकामातली ती लाख. ड्युकोत मात्र लाखेचा अंशही नाही. आणि ड्युको हे नाव आपल्याकडे अजून जिवंत आहे ते गाडीवर नाही, फर्निचरवर! पुण्या-मुंबईचे रंगारी किचनच्या कपाटाला "ड्युको करायचा का?" म्हणून आजही विचारतात.

आता मुद्दा पॉलिशचा. फवारलेलं ड्युको वाळल्यावर मंद, साटिनसारखं दिसायचं. चकाकी हवी तर ते घासावं लागायचं, म्हणजे कारखान्यात रबिंग कंपाउंड लावून माणसं बसवायची. आणि गाडी घरी आल्यावर? ऊन-पावसाने वरचा थर खडूसारखा पांढरट व्हायचा, तो मालकाने घासायचा. कारखान्याने वाचवलेले आठवडे असे मालकाच्या रविवारांवर चढवले गेले, असं मला वाटतं. अर्थात व्हार्निशच्या काळात घरी घासून फारसं काही साधतही नव्हतं, रंगारीच लागायचा. ड्युकोने निदान ते काम हौशी माणसाच्या आवाक्यात आणलं.

या कामाचं सामान विकणारे आधीच तयार होते. फ्रँक मेग्वायर १९०१ पासून फर्निचरचं पॉलिश बनवत होता. शिकागोचं सायमोनाइझ १९१० चं. ते इतकं चाललं की इंग्रजीत त्याचं क्रियापदच झालं. मेणांमध्ये राजा कार्नोबा, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानावरचं. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे तापलेल्या बॉनेटवरही टिकतं. १९३५ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन्सन वॅक्सचे एच. एफ. जॉन्सन ज्युनिअर या झाडाच्या शोधात सिकोर्स्की एस-३८ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने थेट फोर्तालेझाला गेले होते. १९९८ मध्ये त्यांच्या मुलाने तसंच विमान बांधून तोच प्रवास पुन्हा केला. मेणासाठी एवढं!

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशमध्ये सिलिकोन आलं. पुसायला सोपं, चकाकी झटपट. पण रंगकामवाले वैतागले, कारण सिलिकोन राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग फवारला की तो माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पाडून बाजूला सरतो.

मोठा बदल १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सगळीकडे पसरला : खाली रंग, वर पारदर्शक क्लिअर कोट. ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात डेंटिंग-पेंटिंगवाल्याने रबिंग केलं की पिवळ्या कपड्याला गाडीचा रंग लागायचा. आज क्लिअर कोटवाल्या गाडीच्या कपड्याला रंग लागला, तर समजा की तुम्ही क्लिअर कोट पार करून खाली पोचलात.

हा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहून बारीक. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, त्याच्या आजूबाजूचा कोट उतरवून ओरखड्याच्या तळापर्यंत जाणं. जे उतरलं ते परत येत नाही. मेण काय किंवा आजचं सिरॅमिक कोटिंग काय, वरून पांघरूण घालतं, जाडी परत देत नाही.

म्हणून मशीनच्या प्रकाराला महत्त्व आहे. जुना रोटरी बफर एकाच अक्षावर गरगर फिरतो. झपाट्याने कापतो, उष्णता एका जागी साठते, आणि बॉनेटच्या कडेवर, जिथे रंग मुळातच पातळ, तिथे क्षणात पत्रा दिसतो. नवख्या हातात पडला तर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. नंतर सँडरवरून घेतलेला ड्युअल ॲक्शन पॉलिशर आला. त्याचं पॅड फिरताफिरता डोलतं, आणि जास्त दाबलं तर फिरायचं थांबतं. हळू आहे, पण चूक पोटात घालतो.

हाताने मेण लावा, बिनधास्त. ओरखडे काढायला हात पुरत नाही, बोटांचा दाब सारखा पडत नाही आणि रेघा उमटतात. तिथे ड्युअल ॲक्शन घ्या. सेकंडहँड गाडी असेल तर आधी रंगाची जाडी मोजणारं मीटर लावून बघा. मूळ रंगाला साधारण १०० ते १५० मायक्रॉन दिसतात. ७०-८० दिसले, तर आधीच्या मालकाने त्याचे रविवार मनापासून घालवलेले असण्याची शक्यता बरीच आहे. अशा गाडीला मशीन लावू नका, मेणावर भागवा.