जुनं कार्ड की नवं?

मंडळी, ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न खिशाचा. नवं घ्यावं की सेकंडहँड? मला याचं उत्तर थोड्याशा इतिहासात सापडतं.

मार्च २०१७ मध्ये एनव्हीडियाचं जीटीएक्स १०८० टीआय आलं. किंमत ६९९ डॉलर, मेमरी ११ जीबी. सप्टेंबर २०१८ मध्ये आरटीएक्स २०८० आलं. सुरुवातीची किंमत तीच, तेव्हाच्या गेम्समध्ये वेग जवळपास तोच, आणि मेमरी चक्क ८ जीबी! जास्तीचं काय, तर रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस. पण ते वापरणारे गेम्स कुठे होते? त्यात त्याच वर्षी मायनिंगचा बाजार बसला आणि मायनर लोकांची कार्डं विकायला निघाली. साहजिकच अनेकांनी ठरवलं, जुनंच बरं.

पुढे काय झालं? डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर सक्तीचं होतं. २०८० पास, १०८० टीआय नापास! २०२५ मध्ये एनव्हीडियाने त्या जुन्या पिढीचे नेहमीचे गेम ड्रायव्हरही थांबवले.

म्हणजे जुनं घेणारा फसला का? मुळीच नाही. स्वस्तात घेऊन सहा वर्षं खेळला की! थोडक्यात, किंमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. मायनिंगमध्ये राबलेल्या कार्डाचे पंखे, थर्मल पॅड बदलता येतात, पिढी नाही. तेव्हा सेकंडहँड जरूर घ्या, पण पिढी बघून.