बरे झालेल्या माणसाचे काय?

माझी एक मावशी होती. १९७९ साली तिच्या छातीतली गाठ काढली. ती गाठ कसली, हे घरात कोणी उच्चारले नाही. आम्हा मुलांना एवढेच सांगितले होते, ‘मावशीला बरं नाही, तिच्यासमोर दंगा करायचा नाही.’ मोठी माणसे आपसात ‘तसलंच काहीतरी’ म्हणत आणि आवाज खाली आणत. डॉक्टरांनी तिला काय सांगितले, काकांनी काय सांगितले, मला आजही ठाऊक नाही. त्या ऑपरेशननंतर मावशी २३ वर्षे जगली. तिने मुलीचे लग्न केले, नातवंडे सांभाळली आणि शेवटी हृदयविकाराने गेली. पण एवढ्या वर्षांत ‘कॅन्सर’ हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

अशी मावशी, आत्या किंवा काका आपल्यापैकी अनेकांच्या घरात असतील. हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपल्याकडे असंच असतं. आपली संस्कृतीच तशी आहे. तिकडच्या लोकांचं वेगळं, ते सगळं तोंडावर सांगतात.’ हे वाक्य खरे आहे का, हे आज इतिहासात जाऊन तपासून पाहू. कारण प्रश्न केवळ रोग सांगण्याचा किंवा लपवण्याचा नाही. रोगातून वाचलेल्या माणसाच्या मनाचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

सुरुवात दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधून करू. फॅनी बर्नी ही इंग्लंडमधली नावाजलेली कादंबरीकार. फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून ती तेव्हा फ्रान्समध्ये राहत होती. ३० सप्टेंबर १८११ रोजी तिच्या राहत्या घरी तिचा एक स्तन कापून काढण्यात आला. शस्त्रक्रिया करणाऱ्यांमध्ये नेपोलियनच्या सैन्याचा प्रसिद्ध शल्यविशारद लारे हा होता. भूल देण्याचे आजच्यासारखे तंत्र तिथे तेव्हा नव्हते. नवऱ्याला हे पाहवणार नाही म्हणून तिने तो दिवस त्याच्यापासून लपवला आणि त्याला घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था केली. म्हणजे लपवाछपवी तेव्हाही होती. फरक एवढाच, की इथे रोगीच घरच्यांना जपत होता.

बर्नीने नंतर इंग्लंडमधल्या आपल्या बहिणीला एक लांबलचक पत्र लिहिले. ते पुरे व्हायला तिला कित्येक महिने लागले. या प्रकाराविषयी बोलायला लागले की तो पुन्हा सोसावा लागतो, म्हणून महिनोन्महिने आपल्याला बोलताच आले नाही, असे ती त्यात कळवते. लिहिलेले पुन्हा वाचून पाहण्याचेही धैर्य तिला झाले नाही. पुढे ती १८४० पर्यंत, वयाच्या ८७व्या वर्षापर्यंत जगली. शरीराची जखम भरली, पण मनाची जखम भरायला वेगळा वेळ लागतो, याची इतकी जुनी आणि इतकी स्पष्ट नोंद क्वचितच सापडेल. आणि ती नोंद झाली कशी? ऐकून घेणारी एक बहीण होती म्हणून.

आता विसाव्या शतकात, अमेरिकेत येऊ. ‘तिकडचे लोक तोंडावर सांगतात’ असे आपण म्हणतो. १९६१ साली डोनाल्ड ओकेन या डॉक्टरांनी शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना विचारले, ‘कॅन्सर झाल्याचे तुम्ही रोग्याला सांगता का?’ जवळजवळ ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. सांगितले तर माणूस खचेल, आशा सोडेल, ही त्यांची कारणे. शब्दन्‌शब्द आपल्याच घरातली! पुढे हाच प्रश्न डॉक्टरांना पुन्हा विचारण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले. या वेळी ९७ टक्के डॉक्टरांनी सांगितले, की आम्ही रोग्याला सांगणेच पसंत करतो. माझ्या मावशीचे ऑपरेशन झाले, तेच हे वर्ष. अवघ्या १८ वर्षांत पारडे पूर्ण उलटे झाले होते. अमेरिकी माणसाचे रक्त काही या १८ वर्षांत बदलले नव्हते.

मग बदलले काय? एक तर औषधे बदलली. काही कॅन्सर बरे होऊ लागले, तसा तो शब्द म्हणजे मृत्यूचे वॉरंट राहिला नाही. रोग्याच्या संमतीविना उपचार करू नयेत, हा विचार कायद्यात आणि समाजात रुजला. स्त्रियांची चळवळ उभी राहिली. १९७४च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी ती गोष्ट जगापासून लपवली नाही. त्यानंतर तपासणी करून घेण्यासाठी अमेरिकेतल्या स्त्रियांची रीघ लागली.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडली होती. तिचा गाजावाजा कमी झाला, माझ्या मते मोल मात्र मोठे आहे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर नावाच्या बाईंचा स्तन काढण्यात आला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे छातीचे स्नायूही काढून टाकत. हात वर उचलणेही कठीण होई. डॉक्टरांनी जीव वाचवला. पण हात पुन्हा हलवायचा कसा, कपडे कोणते घालायचे, नवऱ्यासमोर आणि मुलांसमोर कसे उभे राहायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. लॅसरबाई स्वतः त्यातून सावरल्या आणि मग ऑपरेशन झालेल्या इतर बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसू लागल्या. व्यायामासाठी दोरी, एक रबरी चेंडू आणि ब्लाउजमध्ये घालायचे तात्पुरते पॅड, एवढे सामान त्या सोबत नेत. शिवाय एक मोठी गोष्ट त्यांच्यासोबत असे : नीटनेटका पोशाख करून, दोन पायांवर चालत आलेल्या त्या स्वतः. ‘मलाही हेच झालं होतं’ हे वाक्य कोणताही डॉक्टर म्हणू शकत नव्हता. काही सर्जनना हा आगाऊपणा वाटला. तरी काम वाढत गेले. ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने चाललेला हा उपक्रम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्याकडे घेतला आणि पुढे तो अनेक देशांत पोहोचला.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मावशी आठवली. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचे तसेच ऑपरेशन झाले होते. एका दुपारी मावशी जुन्या मऊ धोतराच्या कापडात कापूस भरून, हाताने शिवलेले काहीतरी पिशवीत घालून त्यांच्याकडे गेली. दोन तास बसली. परत आल्यावर कोणी काही विचारले नाही, तिनेही काही सांगितले नाही. तिला लॅसरबाईंचे नावही माहीत असणे शक्य नव्हते. म्हणजे बोलण्याची गरज तिलाही होतीच. घराने तिच्याभोवती जे मौन उभारले होते, ते प्रेमापोटीच होते. पण त्या मौनाच्या आत ती एकटी होती.

प्रेमापोटी उभारलेल्या मौनाचे सर्वांत मोठे उदाहरण आशियातलेच आहे. जपानमध्ये कॅन्सरचे निदान रोग्याला न सांगता कुटुंबाला सांगण्याची पद्धत दीर्घकाळ होती. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ हा १९५२चा चित्रपट यावरच उभा आहे. पोटाचा कॅन्सर झालेल्या सरकारी अधिकाऱ्याला डॉक्टर ‘साधा अल्सर आहे’ म्हणून सांगतात. तो मात्र काय ते ओळखतो. मुलाशी बोलावे म्हणून धडपडतो आणि बोलू शकत नाही. ही केवळ पडद्यावरची गोष्ट नव्हती. सम्राट हिरोहितो यांच्यावर १९८७ साली शस्त्रक्रिया झाली. ७ जानेवारी १९८९ रोजी ते वारले, त्यानंतरच त्यांना कॅन्सर होता हे अधिकृतपणे जाहीर झाले. खुद्द सम्राटांनाही ते सांगण्यात आले नव्हते. पण तोच जपान पाहा. २००६ साली तिथे कॅन्सरविषयीचा मूलभूत कायदा झाला. धोरण ठरवणाऱ्या समितीत रोग्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना जागा मिळाली. २०१२च्या राष्ट्रीय आराखड्यात कॅन्सरमधून वाचलेल्यांच्या नोकरीचा प्रश्नही आला. संस्कृती बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रवास लक्षात घ्यावा.

रोग सांगितला म्हणजे सगळे झाले का? नाही. फिट्झह्यू मलन हे अमेरिकेतले तरुण डॉक्टर. १९७५ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, स्वतःच्याच छातीच्या एक्स-रेमध्ये त्यांना गाठ दिसली. उपचार झाले, ते वाचले. दहा वर्षांनी, १९८५ साली, त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. माणूस एका दिवसात ‘बरा’ होत नाही, असे त्यांचे म्हणणे. आधी उपचारांचा काळ, मग रोग उलटेल का या भीतीचा लांबलेला काळ आणि त्यानंतर कायमचा काळ, असे वाचण्याचे तीन ऋतू त्यांनी सांगितले. बुडणाऱ्याला मोठ्या कौशल्याने पाण्याबाहेर काढायचे आणि मग धक्क्यावर एकट्याला खोकत सोडून द्यायचे, असे आपले चालले आहे, ही त्यांची तक्रार होती. १९८६ साली मलन आणि त्यांच्यासारख्या काही जणांनी मिळून बचावलेल्यांची राष्ट्रीय संघटना उभी केली.

इथे एका गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. ‘मन खंबीर ठेव, म्हणजे रोग पळेल’ असे आपण सहज म्हणतो. हेतू चांगला असतो. पण रोग उलटला तर त्या माणसाला वाटते, मीच कमी पडलो. १९८९ साली अमेरिकेत एका अभ्यासात असे दिसले होते, की गटात बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगल्या. मोठी आशा निर्माण झाली. पण २००१ साली, पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दिसले ते हे, की गटात बसणाऱ्यांच्या मनाचा त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधी अधिक त्रासात होत्या त्यांच्या. बोलल्याने रोग हटत नाही, पण जगणे सोसवते. हे काय कमी आहे? आणि रडणारा रोगी हा हरलेला रोगी नव्हे, हेही यातून शिकायला हवे.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली स्थापन झाली. म्हणजे उपचारांची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. बरे झाल्यानंतरच्या आयुष्याकडे लक्ष थोडे उशिरा गेले, पण गेले. बालपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुलांसाठी टाटा रुग्णालयात १९९१ साली खास बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. त्या मुलांचे शिक्षण, नोकरी, लग्न हे प्रश्न तिथे आजार म्हणून नव्हे, आयुष्य म्हणून पाहिले जाऊ लागले. १९९४ साली मुंबईत कॅन्सरमधून वाचलेल्या एका बाईंनी ‘व्ही केअर’ ही संस्था काढली. २००९ साली ‘उगम’ हा अशा तरुण मुलामुलींचा गट तयार झाला. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ साली आपला आजार स्वतःहून जाहीर केला आणि केस गेलेल्या डोक्यानिशी छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक घरांतल्या बायकांनी डोक्यावरचा स्कार्फ थोडा सैल केला असेल.

तरीही काही गोष्टी उरल्याच आहेत. कॅन्सर माणसाला शिवून होत नाही, तरी काही घरांत अजून ताट-वाटी वेगळी ठेवतात. ‘आईला होता’ म्हणून मुलीचे स्थळ परत जाते. गेल्या जन्मीचे पाप काढले जाते. ऑपरेशन झालेली बाई हळदीकुंकवाला गेली तर नजरा तिच्या पदराकडे वळतात. हे दुःख कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

आपल्याकडे समाचाराला जाण्याची फार चांगली रीत आहे. दवाखान्यात आपण शहाळे घेऊन जातो, डबा पोचवतो, रात्री सोबत झोपतो. हीच आपली संस्कृती आहे आणि ती जपण्यासारखी आहे. फक्त आपला समाचार डिस्चार्जच्या दिवशी संपतो आणि माणसाचा एकांत त्या दिवशी सुरू होतो. तेव्हा सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा एकदा जावे. सल्ला देऊ नये, कोणाचा काढा सांगू नये. ‘कसं वाटतंय?’ एवढे विचारून थांबावे आणि उत्तर येईपर्यंत बसावे.

माझ्या मावशीला हे मी कधी विचारले नाही. विचारायला २३ वर्षे होती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)