लव्ह कॅनॉल : प्रदूषित भूमीची स्वच्छता आणि भूजलपातळीचे मापन

प्रस्तावना

पर्यावरणाच्या आधुनिक इतिहासात अमेरिकेतील नायगरा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल प्रकरणास विशेष महत्त्व आहे. त्याची चर्चा बहुधा जनआंदोलन व कायदा यांच्या अनुषंगाने होते. प्रस्तुत निबंधात भूजलपातळीच्या अंगाने त्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विल्यम लव्ह यांनी १८९० च्या दशकात खोदावयास घेतलेला कालवा अर्धवट राहिला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शहराच्या शिक्षण मंडळास दिली. भविष्यातील हानीची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही, असे कलम खरेदीखतात होते. पुढे तेथे शाळा व घरे उभी राहिली.

तळाच्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नसल्याने हा खड्डा हौदाप्रमाणे भरत गेला. १९७५ व १९७६ मधील अतिवृष्टी व हिमवर्षावाने भूजलपातळी उंचावली आणि रसायने तळघरांत व अंगणांत पोहोचली. ७ ऑगस्ट १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. लोइस गिब्ज यांच्या नेतृत्वाखाली रहिवाशांनी लढा दिला. अखेर सुमारे ९५० कुटुंबांचे स्थलांतर झाले आणि डिसेंबर १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा संमत झाला.

मापनाचे स्वरूप

पुरलेला कचरा बाहेर न काढता जागीच कोंडण्यात आला. सभोवती निचऱ्याचे चर खणले गेले, वर ४० एकरांचे आच्छादन घालण्यात आले आणि चरांत जमणारे दूषित पाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळविण्यात आले. ही व्यवस्था कार्यरत आहे की नाही, हे जमिनीत बसविलेल्या मापननलिकांवरून कळते. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते. चरातील पातळी बाहेरील पातळीपेक्षा खाली असेल, तोवर पाणी चराकडेच येते. हा उतार उलटल्यास दूषित पाणी वस्तीकडे सरकू शकते. पाण्याची रासायनिक तपासणी घडून गेलेली गळती दाखविते. पातळीची नोंद मात्र संभाव्य गळतीची पूर्वसूचना देते.

निष्कर्ष

१९९० पासून परिसरातील काही घरांची पुन्हा विक्री झाली. २००४ मध्ये हे स्थळ सुपरफंडच्या राष्ट्रीय अग्रक्रम यादीतून वगळण्यात आले. तथापि, निचरा, शुद्धीकरण व मापन थांबविता आलेले नाही. जमिनीबरोबर जबाबदारीही हस्तांतरित करता येते, हे १९५३ चे गृहीतक इतिहासाने खोडून काढले आहे. कचरा जोवर भूगर्भात आहे, तोवर पाण्याची पातळी मोजणे हा स्वच्छतेचाच अविभाज्य भाग ठरतो.